सगळं येत होतं, पेपरात आठवलं नाही

पत्र : माझी मुलगी दहावीत आहे, मराठी माध्यमात. रोज चार-साडेचार तास अभ्यासाला बसते. मी घरीच शिवणकाम करते, ती माझ्या मशिनसमोरच बसलेली असते, त्यामुळे ती नाटक करत नाही हे मला माहीत आहे. पुस्तकं तीन रंगांच्या हायलायटरने रंगवलेली आहेत. तरी सहामाहीत ५८ टक्के. पेपर देऊन आली की रडते. म्हणते, ‘आई, मला सगळं येत होतं, पेपरात आठवलंच नाही.’ तिचे बाबा म्हणतात, सगळं लक्ष मोबाइलमध्ये. क्लासचे सर म्हणतात, मेहनत कमी पडते, प्रत्येक धडा आणखी दोनदा वाचून घ्या. नणंदेच्या सांगण्यावरून एके ठिकाणी बोटांचे ठसे देऊन बुद्धिमत्तेची चाचणी केली. त्यात ती ‘बघून शिकणारी’ निघाली, तेव्हापासून व्हिडिओ लावून देतो. काय चुकतंय? तिची बुद्धीच बेताची आहे का? – एक आई, कराड

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं पत्र तुम्ही त्या एका प्रश्नासाठी लिहिलंय. तिची बुद्धी किती आहे हे ५८ टक्क्यांवरून कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्या पत्रावरून मला कळतं ते एवढंच, की मुलगी खोटं बोलत नाहीये. पुस्तक समोर उघडं असतं तेव्हा तिला खरोखरच ‘सगळं येतं’ असं वाटत असतं. गोची तिथेच आहे.

तुमच्याच कामातलं विचारते. कटोरी ब्लाउज शिकलात तेव्हा शिकवणाऱ्या बाई बेतताना तुम्ही किती वेळा पाहिलं असेल? पाहताना वाटतं, यात काय आहे, इथे मुंढा, इथे कटोरी, इथे टक्स. मग कात्री आपल्या हातात येते आणि पहिलाच मुंढा खोल जातो. पाहिलेलं वाया गेलं असं नाही, पण ब्लाउज हातात बसला तो दोन-चार कापडं बिघडवल्यावर. तुमची मुलगी रोज चार तास दुसऱ्याला बेतताना पाहते आहे. कात्री मात्र ती थेट पेपरातच धरते.

हे मी नुसत्या अनुभवाने सांगत नाही. २००६ साली अमेरिकेत, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना वाचायला एक छोटा उतारा दिला. एका गटाने तो चारही वेळा नुसता वाचला. म्हणजे पाच-पाच मिनिटांच्या चार बैठकांत मिळून सरासरी चौदा वेळा वाचून झाला. दुसऱ्या गटाने पहिल्या बैठकीत वाचला आणि पुढच्या तिन्ही बैठकांत उतारा न बघता आठवेल तेवढा कागदावर उतरवला. त्यांचं वाचन सरासरी साडेतीन वेळाही झालं नव्हतं. मग काहींची परीक्षा पाच मिनिटांनी घेतली, काहींची एका आठवड्याने.

पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहून बघणाऱ्यांना ७१. आठवड्याने पारडं फिरलं. वाचणारे ४० टक्क्यांवर आले, लिहून बघणारे ६१ वर होते. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती यापुढची गोष्ट. ‘आठवड्याने तुम्हाला किती आठवेल?’ असं आधीच विचारलं होतं, तेव्हा सर्वांत जास्त खात्री चौदा वेळा वाचणाऱ्यांना होती.

आता तुमच्या मुलीचं वाक्य पुन्हा वाचा. ‘मला सगळं येत होतं.’ हा आळस नव्हे, ढोंगही नव्हे. तिसऱ्यांदा वाचताना मजकूर सरसर पुढे जातो. शब्द ओळखीचे, आकृती ओळखीची, पुढचं वाक्य काय येणार तेही ठाऊक. त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. गल्लीतला माणूस रोज दिसतो म्हणून त्याचं नाव आपल्याला माहीत असतंच असं नाही. पेपर चेहरा दाखवत नाही, थेट नाव विचारतो.

क्लासच्या सरांना मी दोष देणार नाही. चोवीस वर्षं मी विज्ञान शिकवलं आणि त्यातली निदान पंधरा वर्षं मीही हेच सांगत आले. कमी गुण पडले? धडा परत वाच. तरी नाही? दहा वेळा लिहून आण. पुस्तकात बघून दहा वेळा उत्तर उतरवणाऱ्या मुलीचा हात तेवढा दुखतो, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं गेली. आठवीतला एक मुलगा पचनसंस्थेचं उत्तर दहा वेळा सुरेख अक्षरात लिहून घेऊन आला. मी सहज म्हणून वही मिटली आणि विचारलं, ‘घास गिळला, पुढे?’ तो माझ्याकडे बघत राहिला. दहा वेळा लिहिलेल्या पानाची शाई अजून ओली होती.

तर करायचं काय? वेळ वाढवायचा नाही. चार तास पुष्कळ झाले, मी तर म्हणेन साडेतीनच करा. बदलायचं आहे ते त्या तासांच्या आत.

समजा आज तिला विज्ञान भाग एकमधलं ‘गुरुत्वाकर्षण’ घ्यायचंय. धडा एकदा नीट, समजून वाचायचा. कळलं नाही ते सरांना विचारायचं, कारण न समजलेलं आठवून काही उपयोग नाही. मग पुस्तक मिटायचं, आणि मिटायचं म्हणजे दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायचं, मांडीवर उपडं नव्हे. एक पाठकोरा कागद घ्यायचा. तुमच्याकडे बिलांचे पडलेले असतीलच. त्यावर आठवेल ते लिहायचं. केप्लरचे तीन नियम कोणते? दुसऱ्या नियमात क्षेत्रफळाचं काय म्हटलंय? वस्तुमान आणि वजन यात फरक काय? मुक्तिवेगाचं सूत्र कुठून येतं? अक्षर कसंही चालेल, वाक्यं अर्धवट चालतील, क्रमही चुकू दे. डोकं खाजवून झालं, आता काहीच सुचत नाही असं झालं की आणखी दोन मिनिटं बसायचं. मला विचाराल तर ती दोन मिनिटंच खरा अभ्यास.

त्यानंतर पुस्तक आणायचं आणि लाल पेनाने राहिलेलं, चुकलेलं त्याच कागदावर भरायचं. हे टाळू नका, नाहीतर चूकच पाठ व्हायची. दुसऱ्या दिवशी वाचायला बसताना अख्खा धडा वाचायचा नाही, फक्त लाल शाईचा भाग.

यावर एक शंका हमखास येते, म्हणून तुम्ही विचारायच्या आधीच लिहिते. ही शेवटी घोकंपट्टीच ना? घोका आणि ओका? कार्पिकींनी पुढे पर्ड्यू विद्यापीठात जेनेल ब्लंट यांच्याबरोबर हेच तपासलं. २०११ साली ते प्रसिद्ध झालं. एका गटाने पुस्तक समोर ठेवून संकल्पनांचे नकाशे काढले, म्हणजे चौकटी, बाण, आपल्याकडे हल्ली तक्त्यांवर दिसतात तसे. दुसऱ्याने वाचलं आणि न बघता आठवून लिहिलं. आठवड्याने विचारलेल्या प्रश्नांत नुसत्या व्याख्या नव्हत्या, दोन गोष्टी जोडून निष्कर्ष काढायला लावणारे प्रश्नही होते. दोन्ही प्रकारच्या प्रश्नांत आठवून लिहिणारेच पुढे निघाले. आणि याही वेळी, कशाने जास्त लक्षात राहील याचा विद्यार्थ्यांचा स्वतःचा अंदाज उलटा ठरला.

खरं तर आपल्याकडे ही गोष्ट नवी असायला नको. माझ्या आजोळी तिन्हीसांजेला दिवा लागला की परवचा असे. पाढे, पावकी, निमकी (म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे), मग महिने, तिथी, नक्षत्रं. आजी वाती वळत बसलेली आणि आम्ही ओळीने ओसरीवर. मोठेपणी लक्षात आलं की परवच्यात पुस्तक कधी नसायचंच. रोज संध्याकाळी, न बघता, अडखळत. अडखळलं की आजी पुढचा शब्द सांगायची नाही, आधी वाट बघायची. (परवचा म्हणणारी सगळी मुलं पुढे विद्वान झाली असं अजिबात नाही. माझा एक मामेभाऊ निमकी फाडफाड म्हणायचा आणि वाण्याकडे सुटे पैसे मोजताना गडबडायचा. अर्थाशी गाठ पडली नाही तर कुठलीच युक्ती तारत नाही.) पण दिवाबत्तीच्या वेळची ती वीस मिनिटं आपण टाकून दिली आणि हायलायटर घेतला, हे काही फार फायद्याचं झालं नाही.

हायलायटरचं म्हणाल तर त्याने अपाय होतो असं नाही. २०१३ साली केंट स्टेट विद्यापीठाचे जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं तोवरचं संशोधन एकत्र चाळून पाहिलं. रेघा मारणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं या दोन्ही पद्धती त्यांनी कमी उपयोगाच्या म्हणून खालच्या पायरीवर ठेवल्या. वरच्या पायरीवर दोनच गेल्या : स्वतःची परीक्षा घेत राहणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणं.

त्या दुसऱ्या गोष्टीचा शोध जुना आहे. हर्मान एबिंगहाऊस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःलाच कामाला लावलं. हजारो निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, ठरावीक वेळाने पुन्हा पाठ करायचे आणि दुसऱ्या खेपेला किती कष्ट वाचले ते मोजायचं. १८८५ साली त्याने ते छापलं. तासाभराने निम्म्याहून कमी कष्ट वाचत होते, दिवसाने एक तृतीयांश, महिन्याने जेमतेम एक पंचमांश. धड्याला अर्थ असतो, त्यामुळे तो इतक्या झपाट्याने पुसला जात नाही. पण घसरण पहिल्या दिवशीच सर्वांत मोठी, हे आपल्याही अनुभवाचं आहे. एबिंगहाऊसला हेही आढळलं, की तीच उजळणी एका दमात करण्यापेक्षा दिवसांमध्ये वाटून केली तर कमी खेपांत काम भागतं.

म्हणून ‘आज विज्ञान संपवून टाकते’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. गुरुत्वाकर्षणाचा कागद आज, मग परवा, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटं. मधल्या दिवसांत थोडं विसरलेलं असणारच. अर्धवट विसरलेलं ओढून काढण्यातच ते पक्कं होतं, त्यामुळे विसरण्याला घाबरायचं कारण नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गॅसच्या नोंदीशेजारी धड्याचं नाव लिहिलंत तरी पुरे, वेगळं वेळापत्रक रंगवत बसू नका. वेळापत्रक रंगवण्यात मुलींचा अख्खा रविवार जातो, मी पाहिलंय.

गणिताचं थोडं वेगळं आहे. तिची वही उघडून बघा. वर्गसमीकरणांचा सरावसंच एका बैठकीत, सगळी उदाहरणं ओळीने, सगळी बरोबर, असं दिसेल. पहिल्या उदाहरणाला अवयव पाडायचे हे कळलं की पुढच्या नऊंना तेच करायचं. पद्धत निवडायचा प्रश्नच येत नाही. पेपरात मात्र वर्गसमीकरणाच्या खाली अंकगणिती श्रेढी आणि तिच्याखाली संभाव्यता येते, आणि कुठली पद्धत वापरायची हे उदाहरणाच्या कपाळावर कुणी लिहिलेलं नसतं. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली घनफळाच्या चार प्रकारच्या उदाहरणांवर हे करून पाहिलं. एकेक प्रकार सलग सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, सगळे प्रकार मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर घसरले होते, मिसळवाले ६३ वर होते. सराव करताना जो गट कच्चा दिसत होता तोच पक्का निघाला. तेव्हा सरावसंच झाला की तिला वेगवेगळ्या प्रकरणांतली चार-पाच उदाहरणं चिठ्ठ्या टाकून काढायला सांगा. प्रकरणाच्या शेवटी असलेला संकीर्ण प्रश्नसंग्रह अशा मिसळीसाठी उपयोगी आहे, आणि बहुतेक मुलं तोच ‘वेळ मिळाला तर’ म्हणून सोडून देतात.

बोटांच्या ठशांबद्दल लांबण लावत नाही. ठशांवरून बुद्धी किंवा शिकण्याची पद्धत कळते याला आधार नाही. गेलेले पैसे गेले, नणंदेशी त्यावरून वाद नको. ‘बघून शिकणारी’, ‘ऐकून शिकणारी’ ही विभागणीसुद्धा ऐकायला छान, पण २००८ साली हॅरॉल्ड पॅशलर आणि इतर तीन मानसशास्त्रज्ञांनी तिचा पुरावा शोधला, तेव्हा मुलाच्या ‘प्रकारा’प्रमाणे शिकवल्याने जास्त येतं हे दाखवणारं भरवशाचं काही हाती लागलं नाही. हृदयाची रचना सगळ्यांनीच आकृती बघून शिकायची आणि कविता सगळ्यांनीच ऐकायची. व्हिडिओ बघू दे, पण संपल्यावर फोन तुमच्या मशिनच्या खणात आणि कोरा कागद तिच्यापुढे. तिच्या बाबांचंही त्यात समाधान होईल.

बाबांवरून आठवलं. आता जरा नाजूक बोलते. घरात तिच्या समोर ‘बुद्धी बेताची’ हा शब्द निघाला असेल तर तो परत घ्यायला हवा. ‘हुशार आहेस गं’ हेही जपून. १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना म्हटलं, ‘तू हुशार आहेस’, काहींना म्हटलं, ‘तू खूप मेहनत घेतलीस.’ मग मुद्दाम अवघड कोडी दिली. नंतर पुन्हा सोपी आली तेव्हा ‘हुशार’ म्हटलेली मुलं पहिल्यापेक्षाही मागे पडली. आपले गुण अनोळखी मुलांना कळवायला सांगितले, तर ‘हुशार’ म्हटलेल्या दहांतल्या जवळजवळ चौघांनी ते फुगवून सांगितले. मेहनतीचं कौतुक झालेल्यांत असं करणारी मुलं फार कमी होती. हुशारीचा शिक्का एकदा बसला की तो राखायची धास्ती असते.

मात्र यावरून ‘मानसिकता बदला, गुण वाढवा’ अशी जी शिबिरं भरतात त्यांच्या नादी लागू नका. डेव्हिड येगर, ड्वेक आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२,००० मुलांवर हेच तपासलं. बुद्धी सरावाने वाढते असं समजावणारा तासाभराहून कमी वेळाचा ऑनलाइन पाठ दिला. मागे पडलेल्या मुलांचे गुण सुधारले, पण चारच्या मापावर दशांश एकने. खर्च नगण्य होता हे लक्षात घेतलं तर तेवढंही वाईट नाही, पण चमत्कार म्हणावा असं त्यात काही नाही. ‘तू करू शकतेस’ म्हणायचं, आणि कसं करायचं तेही हातात द्यायचं. नुसतं पहिलं म्हटलं आणि मार्क नाही पडले, तर तिला वाटणार की दोष आपलाच.

झोपेचं एकच वाक्य : पेपराच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागू देऊ नका, त्या रात्री वाचलेल्यापेक्षा त्या रात्री गमावलेलं जास्त असतं.

आता तुमची स्वतःची भूमिका. तुम्हाला केप्लर शिकवायचा नाही. तुम्ही मशिनवर असता, ती समोर असते, हे फार सोयीचं आहे. काजं-बटणं करताना तिला म्हणा, ‘आज काय केलंस ते मला सांग, पुस्तक न बघता.’ तुम्हाला कळलं नाही तर तसं सांगा. ‘थांब, ग्रह सूर्याजवळ आला की जोरात का पळतो?’ असा तुमचा अडाणी प्रश्न दहा अपेक्षित प्रश्नसंचांना भारी आहे, कारण तुम्हाला खरंच ठाऊक नसतं आणि तिला खरंच समजावून सांगावं लागतं. ती अडली की उत्तर मोबाइलवर शोधू नका. माझी आजी थांबायची तसं थोडं थांबा.

पहिला आठवडा वाईट जाईल, हे आधीच सांगून ठेवते. कागद अर्धासुद्धा भरणार नाही. ती म्हणेल, ‘मला काहीच येत नाही, आधीचीच पद्धत बरी होती.’ आधीच्या पद्धतीत बरं वाटत होतं, हे खरंच आहे. तेव्हा रागवू नका आणि समजूतही घालत बसू नका, लाल पेन तेवढं पुढे सरकवा. बाबांना त्या आठवड्यात तो कागद दाखवू नये हे उत्तम. आणि तिचं रडणं दोन-तीन आठवड्यांनीही थांबलं नाही, जेवणझोप उडाली, शाळेत जायलाच नको म्हणू लागली, तर मग हा अभ्यासाच्या पद्धतीचा प्रश्न राहत नाही. तेव्हा माझ्या पुढच्या सदराची वाट न बघता जवळच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे घेऊन जा.

तो पहिला अर्धा रिकामा कागद मात्र फेकू नका. वर तारीख घाला आणि मशिनच्या खणात, फोनच्या खाली, ठेवून द्या. फेब्रुवारीत गुरुत्वाकर्षणाची पाचवी-सहावी उजळणी होईल तेव्हा तो काढून तिच्याच हातात द्या.